आधी उतार, मग चढ: ग्रँड कॅन्यनमध्ये पायी उतरण्यापूर्वी

डोंगर चढताना दमलो की आपण वळतो आणि उतरायला लागतो. उरलेली वाट सोपी असते, खाली पाणी असतं, माणसं असतात. खोल दरीत पायी जाण्याचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी आपण उतरत जातो. दम लागत नाही, म्हणून आणखी एक वळण, मग त्याच्या पुढचंही. पाय बोलायला लागतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, बाटली अर्ध्याखाली गेलेली असते आणि सगळाच्या सगळा चढ शिल्लक असतो.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कमध्ये दरवर्षी ४० लाखांहून जास्त लोक येतात. त्यातले बहुतेक कड्यावर उभे राहून दरी बघतात, फोटो काढतात आणि परततात. थोडे लोक खाली उतरतात. त्यांच्यासाठी तिथे पाटी आहे. तिचा अर्थ असा, की उतरणं तुमच्या मर्जीवर, चढून येणं मात्र सक्तीचं. वाचून हसू येतं. पण या एका वाक्यामागे तिथले खडक, तिथली हवा आणि आपल्या शरीरातलं पाण्या-मिठाचं गणित आहे. ते एकदा नीट कळलं की इथले नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

नदीने खोली दिली, रुंदी पावसाने

दरीची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली साधारण १.६ किलोमीटर. तळाशी कोलोरॅडो नदी. कड्यावरून ती दिसलीच तर दोऱ्यासारखी दिसते, आणि प्रश्न पडतो: एवढ्याशा नदीने एवढं खोदकाम केलं कसं?

भूगर्भातल्या हालचालींमुळे कोलोरॅडोचं पठार वर उचललं गेलं. पठार उंच झालं तसा नदीला समुद्राकडे जाताना जास्त उतार मिळाला. उतारामुळे वेग आला आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यातली वाळू नि गोटे तळाचा खडक कानशीसारखे घासत राहिले. आज दिसणारी दरी मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत अशी कोरली गेली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिचे काही भाग त्याहून जुने आहेत का, यावर त्यांच्यात अजून वाद चालतो.

पण नदी फक्त खाली कापते. ती एकटीच असती तर इथे एक खोल, अरुंद चीर दिसली असती. रुंदी दिली ती पावसाने, बर्फाने आणि बाजूच्या ओढ्यांनी. वाळवंटी मुलखात पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा कोसळतो, आणि माती धरून ठेवायला झाडोरा नसतो. हिवाळ्यात भेगांमध्ये शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि खडक फोडतं. सुटलेले दगड घरंगळत खाली येतात आणि नदी ते वाहून नेते. अशी दोन्ही बाजूंनी दरी रुंदावत गेली.

तिला पायऱ्या का आहेत, हेही यातच कळतं. चुनखडी आणि वाळूचा खडक कठीण, त्यांचे सरळसोट कडे राहतात. शेलसारखा चिखलाचा खडक मऊ, तो झिजून त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. पायवाटही तशीच चालते. उतारावर ती आरामात पसरते आणि कड्यापाशी आली की नागमोडी वळणं घेत घाईघाईने खाली जाते.

सगळ्यात वरचा थर कायबॅब चुनखडीचा, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाचा. त्याखाली थोड्या अंतरावर फिकट पिवळसर रंगाचा कोकोनिनो खडक आहे. तो म्हणजे एका जुन्या वाळवंटाच्या टेकड्या, आणि त्यांवरून चाललेल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे आजही दगडात आहेत. आणखी खाली रेडवॉल, म्हणजे लाल भिंत. खरं तर ही चुनखडी आतून करडी आहे. वरच्या थरांमधलं लोह पावसाबरोबर ओघळून तिच्यावर लाल रंग चढला आहे. अगदी तळाशी विष्णू शिस्ट हा उष्णता नि दाबाने रूप बदललेला काळपट, चकाकणारा खडक, सुमारे १७० कोटी वर्षांचा. हो, आपला विष्णूच. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने इथल्या सुळक्यांना जगभरच्या देवदेवतांची नावं देण्याचा पायंडा पाडला, त्यामुळे या दरीत विष्णू, शिव आणि ब्रह्मा यांच्या नावांची शिखरं आहेत. विष्णू शिस्टवर अनेक ठिकाणी थेट टेपीट्स हा वाळूचा खडक बसलेला दिसतो. या दोघांच्या वयात शंभर कोटींहून जास्त वर्षांचा फरक आहे. मधले खडक झिजून गेले, त्यांची पानं फाटली. त्या सांध्यावर बोट ठेवायला मिळतं ते खाली उतरणाऱ्यालाच, आणि माझ्या मते दरीत उतरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

खडकच सांगतात पाणी कुठे आहे

आता ही माहिती कामाला लावू. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण कडा, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे. नॉर्थ रिम त्याहून जवळपास ३०० मीटर उंच. खडकांचे थर उत्तरेकडून दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेच्या कड्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ दरीच्या दिशेने येतो, तर दक्षिणेच्या कड्यावरचं पाणी दरीकडे पाठ फिरवून निघून जातं. म्हणूनच उत्तरेच्या बाजूच्या उपदऱ्या लांबच लांब आणि झऱ्यांच्या आहेत, दक्षिणेच्या आखूड, उभ्या आणि कोरड्या. नदीही दक्षिण कड्याच्या जास्त जवळ आहे. साउथ रिमवरून नदीपर्यंतच्या वाटा ११ ते १५ किलोमीटरच्या, तर उत्तरेची नॉर्थ कायबॅब ट्रेल २२ किलोमीटरहून लांब.

उत्तरेला मुरलेलं पाणी चुनखडीच्या भेगांमधून खाली खाली जातं आणि मग ब्राइट एंजल शेल या घट्ट थरापाशी अडतं. शेलमधून पाणी झिरपत नाही. ते आडवं वाहतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. रोरिंग स्प्रिंग्ज हा असाच मोठा झरा. साउथ रिमवरच्या नळाला येणारं पाणी या झऱ्याचं आहे, म्हणजे दरीच्या पलीकडचं. १९६०च्या दशकात बांधायला घेतलेली सुमारे २० किलोमीटरची जलवाहिनी ते दरीच्या तळातून, नदी ओलांडून अलीकडे आणते. ती आता जुनी झाली आहे आणि वारंवार फुटते. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस ती एकापाठोपाठ इतक्या ठिकाणी फुटली, की साउथ रिमवरची पाहुण्यांची रात्रीची राहण्याची सोय काही दिवस बंद ठेवावी लागली. नवी वाहिनी टाकण्याचं काम हाती घेतलं आहे, आणि त्या कामासाठी वाटांचे काही भाग बंद होतात, उघडतात.

याचा चालणाऱ्याला काय उपयोग? एवढाच, की नकाशावर नळाचं चिन्ह आहे म्हणजे नळाला पाणी आहे असं धरून चालू नये. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून वाटेवरचे काही नळ बंद असतात. आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर किंवा माहिती केंद्रात कोणते नळ सुरू आहेत ते बघून घ्यावं, आणि तरीही नळ बंद निघाला तर परत येता येईल एवढं पाणी पाठीवर असावं.

दोन मुख्य वाटांचा स्वभावही खडकांनीच ठरवला आहे. ब्राइट एंजल ट्रेल एका भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या, रेषेने उतरते. तिथे खडक मोडलेला असल्यामुळे कड्यांमधून वाट काढणं शक्य झालं. ही वाट घळीतून जाते, म्हणून सकाळी नि दुपारनंतर सावली मिळते, आणि ७.२ किलोमीटरवर हवासुपाई गार्डन्स नावाची झऱ्याकाठची हिरवी जागा लागते, जिथे कॉटनवूडची मोठी झाडं आहेत. साउथ कायबॅब ट्रेल याउलट डोंगराच्या सोंडेवरून उतरते. दोन्ही बाजूंना दरी उघडी, नजर पोहोचेल तिथवर दृश्य. पण सोंडेवर पाणी टिकत नाही. या वाटेवर पाण्याचा एकही नळ नाही आणि सावली नावालाच. ती जास्त सुंदर आहे, असं मलाही वाटतं. पण तिच्यावरून चढून येण्याचा बेत उन्हाळ्यात करू नये. दोन्ही वाटा ओळखीच्या असलेले लोक साउथ कायबॅबने उतरतात आणि ब्राइट एंजलने चढतात.

खाली जाल तशी हवा तापते

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. कड्यावर जुलैच्या दुपारी साधारण २९ अंश सेल्सिअस असतं. पाइनची झाडं असतात, वारा असतो. माणसाला वाटतं, आज हवा छान आहे. त्याच वेळी तळाशी फँटम रँच या छोट्या वस्तीला सरासरी ४१ अंश असतात, आणि कडक दिवसांत पारा त्याच्याही वर जातो. हे आकडे सावलीतले. उन्हातल्या खडकावर हात ठेववत नाही.

कारण हवेचा दाब. खाली उतरणाऱ्या हवेवर वरच्या हवेचं ओझं वाढतं, ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच काहीसं. कोरडी हवा हजार मीटर खाली आली की जवळपास १० अंशांनी तापते. त्यात तळाची घळ अरुंद, खडक काळे. ते दिवसभर ऊन पितात आणि रात्री परत सोडतात, म्हणून उन्हाळ्यात खालच्या रात्रीही उकाड्याच्या असतात.

आता शरीर काय करतं ते पाहू. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर शरीरातली उष्णता हवेत जाते. हवा त्याहून तापली की उलटं होतं, हवाच आपल्याला तापवते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो: घाम. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे हा उपाय भक्कम आहे. पण घामासाठी पाणी लागतं, आणि जड चढावर तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. वाळवंटात तो दिसत नाही. हवा इतकी कोरडी असते, की घाम येताक्षणी उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो, कपाळावर फक्त मिठाचा पांढरा थर खरखरतो. घाम येत नाहीये, म्हणजे मी ठीक आहे, असं इथे समजू नका. तो येतोय, दिसत नाहीये.

म्हणून पाणी प्या. पण हा सल्ला अर्धाच आहे, आणि अर्धा सल्ला इथे धोक्याचा ठरतो. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. तुम्ही भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहिलात आणि काही खाल्लं नाही, तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. मळमळ, उलटी, डोकेदुखी, गोंधळलेलं बोलणं अशी लक्षणं दिसतात आणि ती उष्णतेच्या थकव्यासारखीच असतात. बरोबरची माणसं घाबरून आणखी पाणी पाजतात, तसा आजार वाढतो. मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सकाळपासून भरपूर पाणी प्यायलेला, वारंवार आणि पाण्यासारखी स्वच्छ लघवी होणारा, काहीच न खाल्लेला माणूस मळमळतंय म्हणाला, तर आधी हा संशय घ्यावा, त्याला आणखी साधं पाणी पाजू नये आणि मदत बोलवावी. याउलट लघवी गडद नि थोडी असेल तर पाणी कमी पडलं आहे.

म्हणजे काय करायचं? तहान लागेल तसं थोडं थोडं पाणी प्यायचं. उन्हातल्या चढावर ते ताशी अर्धा ते एक लिटरच्या आसपास जातं. त्याच्या जोडीला दर थोड्या वेळाने काहीतरी खारट खायचं: खारे दाणे, चिप्स, खारी बिस्किटं. क्षारांची पूड पाण्यात घालून नेली तर उत्तम, पण ती जेवणाऐवजी नाही. भूक लागत नाही, अशी तक्रार उन्हात सगळेच करतात. तरीही घास घास खात राहावं. चढण्यासाठी इंधन लागतं ते वेगळंच.

आणखी एक उपाय इतका साधा आहे, की लोक तो करत नाहीत. नळ किंवा ओढा लागला की टोपी, शर्ट, मानेभोवतीचा रुमाल भिजवायचा. पूर्ण भिजवायचा, शिंतोडे नाहीत. बाहेरचं पाणी वाळताना तुमच्या घामाचंच काम करतं, तेही शरीरातलं पाणी आणि मीठ न वापरता. कोरड्या हवेत शर्ट अर्ध्या तासात वाळतो. मग पुढच्या नळावर पुन्हा.

चढ आणि वेळ

उतरताना दम लागत नाही, पण पाय मोजत असतात. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून शरीराचं वजन थोपवतात. असा ताण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा करतो आणि तिचं दुखणं उशिरा कळतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. त्यामुळे खाली पोहोचलेल्या माणसाला आपण ताजेतवाने आहोत असं वाटत असतं, तेव्हा त्याच्या मांड्या अर्ध्या वापरून झालेल्या असतात.

वर येताना आणखी एक गोष्ट आड येते. वाटेचा शेवटचा भाग सगळ्यात उंचावर आहे. २,१०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी. सर्वांत थकलेले पाय आणि सर्वांत विरळ हवा एकाच वेळी भेटतात. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागतो, असा इथला ठोकताळा आहे. सहा तास हातात असतील तर दोन तास उतरा आणि वळा, मग तुम्ही कुठेही असा. पुढच्या वळणावर कितीही छान काही दिसणार असलं, तरी.

उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात उन्हातल्या चढावर नसावं, असं पार्कचे रेंजर सांगतात. याचा अर्थ पहाटे उजाडण्याआधी निघणं, किंवा दुपार झऱ्याकाठी झाडाखाली काढून उन्हं कलल्यावर डोक्याला टॉर्च लावून चढणं. अडकलात तर सावलीत बसून चार वाजण्याची वाट बघणं, हा कमीपणा नाही. ती सगळ्यात शहाणपणाची चाल आहे.

कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं, असा बेत अनेकजण करतात. पार्क तो करू नका असं सांगतं, आणि मे ते सप्टेंबर या काळात तर ठामपणे. तरुण, धडधाकट, रोज पळणारी माणसंही इथे कोसळतात. किंबहुना त्यांचाच आत्मविश्वास त्यांना जास्त खाली नेतो. १९९६च्या उन्हाळ्यात दरीत उष्णतेने मृत्यू झाल्यानंतर १९९७मध्ये पार्कने एक वेगळा कार्यक्रम सुरू केला. सुटका करायची वेळ येण्याआधीच माणसाला गाठायचं, हा त्यामागचा विचार. रेंजर आणि स्वयंसेवक वाटेवर उभे राहून विचारतात: कुठवर जाताय? पाणी किती आहे? खायला काय आणलंय? त्यांचा राग मानू नये. मनापासून उत्तर द्यावं आणि ते वळा म्हणाले तर वळावं.

कारण मदत लवकर येईल याची खात्री नाही. दरीत बहुतेक ठिकाणी फोनला सिग्नल नसतो. कडक उन्हात हवा विरळ होते, तशी हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकदही कमी होते. कधी वारा असतो, कधी एकाच वेळी तीन ठिकाणांहून हाक येते. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, उगाच चिडला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. तिथेच थांबा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकरवी निरोप पाठवा. थोडं चाललं की बरं वाटेल, असं म्हणू नका.

नदीबद्दल एकच सांगतो. उन्हाने भाजलेला माणूस तळाशी पोहोचतो आणि समोर एवढं पाणी दिसतं. त्यात उतरू नका. वरच्या अंगाला १९६३पासून ग्लेन कॅन्यन धरण आहे. जलाशयाच्या खोल थरातून सोडलेलं पाणी थंड असतं आणि ओढ जबरदस्त. पाय भिजवायचे तर ब्राइट एंजल ओढ्यात भिजवा.

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी वादळी पाऊस येतो. कड्यावर विजा पडतात. घळींमध्ये अचानक पूर येतो, आणि तो पाऊस तुमच्या डोक्यावर पडलेला असायलाच हवा असं नाही. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या टप्प्यावर घट्ट बर्फ असतो, तेव्हा बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे लागतात. एकुणात मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दरीत उतरायचे दिवस.

वाटेवरची खेचरं, आणि ज्यांची ही जागा होती ती माणसं

वाटेवर खेचरांचा तांडा भेटला तर त्यांचा मान पहिला. डोंगराच्या बाजूला सरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, आणि हाकणारा सांगेल तसं करायचं. शेवटचं खेचर चांगलं पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. फँटम रँचचं सामान आजही खेचरांवरून जातं आणि तिथून टाकलेलं पत्र खेचराच्याच पाठीवरून वर येतं. मेरी कोल्टर या स्त्री वास्तुरचनाकाराने आखलेली ही वस्ती १९२२मध्ये उघडली. तिथे राहण्यासाठी १५ महिने आधी सोडतीत नाव द्यावं लागतं. तंबूत राहायचं तर परवाना लागतो. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला परवाना लागत नाही.

खारींना काही खायला घालू नका. त्या गोजिरवाण्या आहेत, सवयीने धीट झाल्या आहेत आणि चावतात. आकाशात प्रचंड पंखांचा काळा पक्षी दिसला, तर थांबून बघा. कॅलिफोर्निया कॉन्डोर. पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर. १९८२मध्ये साऱ्या जगात असे २२ पक्षी उरले होते. १९९६पासून ॲरिझोनात ते पुन्हा सोडले गेले.

हवासुपाई गार्डन्सच्या झाडाखाली बसाल तेव्हा एक गोष्ट आठवा. पिढ्यानपिढ्या हवासुपाई हे इथले मूळ रहिवासी इथे शेती करत. १९१९मध्ये नॅशनल पार्क झालं आणि १९२८मध्ये इथल्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला बाहेर काढण्यात आलं. त्याच वर्षी साउथ कायबॅब वाटेच्या पायथ्याशी नदीवर झुलता पूल उभा राहिला. त्याच्या एकेक टन वजनाच्या लोखंडी दोरांची वाहतूक खेचरांना जमण्यासारखी नव्हती. ४२ जणांनी, त्यात बहुतेक हवासुपाई, रांगेने ते दोर खांद्यावर घेऊन नागमोडी वाटेने खाली नेले. तो पूल अजून वापरात आहे. या जागेला हवासुपाई लोकांचं नाव मिळायला मात्र २०२२ साल उजाडलं.

जाण्याआधीच्या काही व्यवहारी गोष्टी

लास व्हेगसहून एका दिवसात ग्रँड कॅन्यन दाखवतो म्हणणाऱ्या बऱ्याच सहली ज्या काचेच्या स्कायवॉकवर नेतात, तो नॅशनल पार्कमध्ये नाही. तो हुआलापाई या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, साउथ रिमपासून काही तासांच्या अंतरावर. निळ्या-हिरव्या पाण्याचा हवासू धबधबा हवासुपाई लोकांच्या भूमीत आहे आणि त्याचा परवाना वेगळा. तिकीट काढण्याआधी आपण नेमके कुठे चाललो आहोत ते बघा.

पार्कचं प्रवेशशुल्क एका खासगी गाडीला ३५ डॉलर, सात दिवसांसाठी, आणि ते कार्डानेच भरावं लागतं. २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाहुण्याला त्यावर १०० डॉलर जास्तीचे पडतात. जुलै २०२५मध्ये नॉर्थ रिमला मोठा वणवा लागला, त्यात तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं; त्यामुळे उत्तरेच्या बाजूचा बेत ताजी माहिती घेतल्याशिवाय आखू नये. साउथ कायबॅबच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची मोफत बस जाते. आणखी एक, ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, शेजारचा नवाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश करतो. पहाटेची बस पकडायची असेल तर फोनवरची वेळ एकदा ताडून बघा.

पहिल्यांदाच उतरणाऱ्याने कुठवर जावं? साउथ कायबॅबवर १.४ किलोमीटरवर ऊ-आह पॉइंट आहे, तिथे दरी पहिल्यांदा पूर्ण उघडते. ज्यांना जास्त चालायचं आहे त्यांच्यासाठी २.४ किलोमीटरवर सीडर रिज, कड्यापासून सुमारे ३४० मीटर खाली. ब्राइट एंजलवर दीड मैलाचं विश्रांतीगृहही साधारण तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच खोलीवर आहे. पहाटे निघालात तर ऊन चढण्याआधी यातल्या कुठल्याही ठिकाणाहून परत येता. समुद्रतळ, वाळवंट, नदीकाठचा लाल चिखल, एवढे थर तेवढ्यातही ओलांडून होतात.

परत येताना शेवटची वळणं कायबॅब चुनखडीतली. तिथे दम घ्यायला थांबणं भागच पडतं. थांबाल तेव्हा बाजूच्या भिंतीकडे जरा जवळून बघा. दगडात शिंपले आहेत, स्पंजांच्या गाठी आहेत, सागरी लिलीचे चकत्यांसारखे तुकडे आहेत. हात लावा, पण काढू नका.